पाइनच्या फुलावरचे सोंडे

दिवाळीनंतर मला डेंग्यू झाला. ताप उतरला, प्लेटलेट्स वर आल्या, डॉक्टरांनी आता काही काळजी नाही म्हणून सांगितलं, पण अंगातलं बळ काही लवकर परत आलं नाही. शाळेतून मी लांबलचक रजा घेतली. मी चित्रकला शिकवते. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. खाली दिवसभर क्लासला जाणाऱ्या पोरांच्या गाड्या, हॉर्न, कोणीतरी कोणाला मारलेल्या हाका. ते सगळं पडल्यापडल्या असं ऐकू यायचं, जणू दुसऱ्याच कुठल्या गावात चाललंय. दुपारी खिडकीतून उन्हाची पट्टी आत यायची, पलंगावरून भिंतीवर चढायची आणि मी तिच्याकडे बघत कधी झोपायची, कधी जागी व्हायची, ते मलाच कळायचं नाही.

अशाच एका दुपारी माझ्या भाचीचा फोन आला. ही माझ्या दादाची एकुलती एक मुलगी. अकोल्यात वाढली, इथेच एमएस्सी केलं आणि आता कॅनडात कीटकांवर पीएचडी करते.

"आत्या, कशी हायेस? कंटाळली असशीन न पडून पडून?" तिकडे जाऊनही तिची बोली जरासुद्धा बदललेली नाही. "तुले एक काम सांगू काय? हळूहळू कर. मायाकडे घाई नाई."

तिला एका भुंगेऱ्याचं चित्र काढून हवं होतं. फोटो तिच्याकडे भरपूर होते, पण फोटोत एका वेळी एकच भाग स्पष्ट येतो. सोंड नीट दिसली तर पाय धूसर, पाय दिसले तर पाठ धूसर. सगळा किडा एकाच कागदावर, एकसारखा स्पष्ट, असा फक्त हातानेच काढता येतो, असं ती म्हणाली. त्यांच्याकडे असं काम करणारे लोक आहेत, पण तिला ते माझ्याकडून हवं होतं. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे यायची तेव्हा मी तिला टाचणीच्या टोकाएवढ्या मुंग्या काढून दाखवायची, ते तिच्या लक्षात होतं.

फोटो आले. मी ते मोठ्या पडद्यावर उघडले आणि मला हसू आलं. हा तर आपला सोंडा! ज्वारीच्या कोठीत, जुन्या तांदळात निघतो तो. तसाच तपकिरी, तशीच पुढे आलेली सोंड.

"तसा दूरचा नातेवाईक हाये," भाची म्हणाली. "पण हा दाणे खात नाई. हा पाइनच्या फुलावर राह्यते. अन् खरं सांगू काय, थे फूलसुद्धा नसते. पाइनले फूल येतच नाई. आपण आपलं म्हणाचं."

मग तिने मला सगळं समजावून सांगितलं. पाइनच्या फांदीच्या टोकाला वसंतात बारीक बारीक कणसांचे घोस येतात. त्यांच्यात पिवळे पराग भरलेले असतात. ही कणसं पिकून पराग उडायला लागले की हे किडे कुठून कुठून येतात, पराग खातात, तिथेच अंडी घालतात. अळ्या त्या कणसातच वाढतात आणि मग खाली मातीत उतरून झोपतात. वरून बर्फ पडतं, वितळतं, आणि पुन्हा वसंत आला की माती सोडून वर येतात. किड्याचं उजेडातलं आयुष्य काही आठवड्यांचं. उरलेलं सगळं वर्ष जमिनीखाली झोप.

"अन् आत्या, यांचं घराणं लय जुनं हाये. डायनासोर होते न, तवाचे यांचे पूर्वज दगडात सापडतात."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच पडून राहिले. अशक्तपणात डोकं हलकं झालेलं असतं, त्यात एखादी गोष्ट शिरली की फिरतच राहते. त्या दुपारी मला स्वप्न पडलं. मी मातीखाली होते आणि वर काहीतरी पांढरं, जड, अगदी शांत पसरलेलं होतं. भीती वाटली नाही. उलट इतकी गाढ झोप मला आजारपणात पहिल्यांदाच लागली.

मी काम सुरू केलं. आधी थोडाच वेळ बसवायचं. रेघ वाकडी व्हायची, खोडून पुन्हा. पलंगाला टेकून मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घ्यायचा, शेजारी लॅपटॉप, आणि एका वेळी एकच अवयव. त्याच्या मिशा सरळ होत्या. नेहमीच्या सोंड्यांच्या मिशा कोपरातून वाकवल्यासारख्या असतात, याच्या तशा नाहीत, ही त्याची मोठी खूण. भाचीने तीनतीनदा बजावलं होतं, "आत्या, मिशी वाकवू नको हं, नाईतर तो वेगळाच किडा होईन." पाठीवर बारीक फिकट लव होती. एकेक केस पेन्सिलने ओढताना मला वाटायचं, मी एखाद्या मोठ्या, शांत जनावराच्या अंगावरून हात फिरवते आहे. प्रत्यक्षात तो तांदळाच्या दाण्याहून लहान. पण माझ्या पलंगावर तो महिनाभर हत्तीएवढा होता.

माझा नवरा बँकेतून आला की आधी चित्राकडे बघायचा, मग माझ्याकडे. "आज एक पाय जास्त झाला वाटतं," म्हणायचा. त्याला बरं वाटत होतं. मी पुन्हा काहीतरी करते आहे, एवढं त्याला पुरे होतं.

डिसेंबरात एका रविवारी अकोल्याहून दादा आला. दादा वीज खात्यात लाइनमन होता, आता निवृत्त. वहिनी तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून तो एकटाच राहतो, स्वतः स्वयंपाक करतो, सकाळी विहारात जाऊन वंदना म्हणतो, संध्याकाळी ओळखीच्या लोकांचे बिघडलेले पंखे दुरुस्त करतो. त्याने पिशवीतून संत्री काढून टेबलावर ठेवली आणि चित्र पाहून थबकला.

"हे काय व? सोंडा काढून राहिली?"

"तुझ्या पोरीचा आहे," मी म्हटलं. "तिच्या अभ्यासातला."

त्याने चष्मा लावला. चित्र हातात घेतलं नाही, वाकून बघत राहिला. "सोंडे पाहाले इतक्या दूर गेली काय थे?" असं काहीसं पुटपुटला. त्यात राग नव्हता. तो खुर्चीवर बसला आणि संत्रं सोलायला लागला.

दादाचं आणि तिचं भांडण वगैरे काहीच नव्हतं. रोज फोन व्हायचा. पण मी त्या फोनच्या वेळी त्याच्याजवळ बसलेली आहे, म्हणून मला माहीत. "जेवली काय?" "हौ बाबा. तुमी?" "मीबी जेवलो. थंडी हाये काय?" "हाये." "सांभाळून राह्यजो." एवढ्यात फोन संपायचा. कोणी विचारलं, मुलगी काय करते, तर दादा म्हणायचा, "संशोधन." कसलं, ते तो सांगायचा नाही. मला वाटायचं, किडे म्हणायला त्याला संकोच वाटतो.

जानेवारीत चित्र जवळजवळ पुरं झालं. किडा झाला, पण तो ज्या फुलावर बसतो ते राहिलं होतं. भाचीने त्याचेही फोटो पाठवले होते, तरी माझा हात पुढे सरकेना. किडा मी पाहिला नव्हता, फूलही पाहिलं नव्हतं. दोन्ही न पाहिलेल्या गोष्टी एकमेकींवर बसवायच्या, हे मला जमत नव्हतं. मला एकदा तरी पाइनचं खरं झाड बघायचं होतं.

मग आम्ही अमरावतीत पाइन शोधायला निघालो. आता मी थोडं फिरू शकत होते, आणि संध्याकाळी नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसून झाड शोधत हिंडायचं हा आमचा छंदच झाला. एका सरकारी कार्यालयाच्या आवारात उंच, झुबकेदार झाड होतं. चौकीदार म्हणाला, "हेच पाइन." ते सुरूचं झाड निघालं. सुरूची पानंही दोऱ्यासारखी, वारा आला की सूं सूं वाजतात, पण ते पाइन नव्हे. एका ओळखीच्या बाईंनी घरी बोलावून कुंडीतलं ख्रिसमसचं झाड दाखवलं. तेही नव्हे. एका नर्सरीवाल्याने तर आम्हाला सरळ अशोकाची रोपं दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, लावा न, हेबी उंचच होते." आम्ही हसत हसत परत यायचो. गावातल्या झाडांकडे मी इतकं निरखून आधी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळच्या धुळीत, वाहनांच्या दिव्यांत ती सगळी झाडं मला पाण्याखाली उभी असल्यासारखी दिसायची.

दादाला फोनवर हे सांगितलं तर तो एकदम म्हणाला, "चिखलदऱ्याले हाये."

"काय?"

"सुईच्या पानाचं झाड. आमी तिकडे लाइनचं काम करत होतो तवा एका विश्रामगृहाच्या मांगे राहिलो होतो. तथी पाच-सहा झाडं होती. खाली सुया पडत, अन् बसलं का पँटीतून टोचत. मी येतो तुमच्यासंगं."

त्याने असं आपणहून येतो म्हणणं मला नवीन होतं. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, आपल्याकडच्या उबेत फेब्रुवारीत पराग उडत असतील, तेव्हाच जा. आणि पुढे म्हणाली, "पण आत्या, आशा ठेवू नको. थो किडा भारतात कोणाले सापडला नाई."

"मला किडा नकोच आहे," मी म्हटलं. "मला फूल बघायचंय."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही तिघं गाडीने निघालो. परतवाडा सोडलं आणि घाट लागला तशी खिडकीतून थंड हवा आत आली. मी शाल पांघरून मागे बसले होते. वळणावळणांवर दरीतलं धुकं वर येऊन रस्त्यावर पसरायचं, गाडी त्यात शिरायची आणि पुन्हा उन्हात निघायची. दादा पुढे बसला होता. मधेच त्याने बोट दाखवून सांगितलं, "तो खांब आमी उभा केला." धुक्यात तो खांब क्षणभर दिसला आणि गेला.

झाडं होती. दादा म्हणाला होता तशीच, विश्रामगृहाच्या मागे, उतारावर. रखवालदाराला आम्ही कशासाठी आलो ते सांगितलं. त्याला काही ते पटलं नाही, पण तो म्हणाला, "पाहा न. झाड काय पळून चाललं?"

मी खाली उभी राहून वर बघितलं. मला वाटलं होतं त्याहून ती झाडं साधी होती. खवल्याखवल्यांचं खोड, राळेचा वास, आणि खूप उंचावर सुयांचे झुबके. वाऱ्यात त्यांचा आवाज सुरूसारखाच होता, फक्त अधिक खोल. कणसांचे घोस फांद्यांच्या टोकांना होते, पण ते हाताच्या पलीकडे. मी मान वर करून बघत राहिले आणि डोळ्यांत पाणी आलं, उन्हाने की आणखी कशाने, कोण जाणे.

दादा कुठेतरी गेला आणि एक लांब बांबू घेऊन आला. टोकाला त्याने तार वाकवून आकडा केला होता. "चादर हाये काय?" त्याने विचारलं. गाडीत पांघरायला घेतलेली एक पांढरी चादर होती.

"चादर कशाला?"

"पोरगी असंच करते न? तिनं एकदा फोटो धाडला होता. खाली पांढरं कापड धरते अन् वरून फांदी झोडते. मंग जे पडन थे पाहाचं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो फोटो त्याने कधी पाहिला, किती वेळा पाहिला, मला कधी बोललाच नव्हता.

माझ्या नवऱ्याने आणि मी चादरीची चारी टोकं धरली. दादाने आकडा एका खालच्या फांदीत अडकवला, हळूच खाली ओढली आणि हिसका दिला. पिवळा धूर उठला. खरोखर धूरच. उन्हात तो इतका सावकाश खाली येत होता, की येतो आहे की तरंगतोच आहे ते कळेना. आमच्या केसांवर, हातांवर, दादाच्या पांढऱ्या भुवयांवर तो बसला.  दादाने पुन्हा हिसका दिला. पुन्हा तो पिवळा, मऊ उजेड खाली आला. किती वेळ गेला सांगता येत नाही. दूर कुठेतरी मोर ओरडत होता.

चादरीवर सुया पडल्या, वाळकी कणसं पडली, दोन मुंग्या, एक हिरवट कोळी, आणि एक बारीक तपकिरी भुंगेरा. दादा गुडघ्यांवर बसला. "पाह्य, पाह्य लवकर," म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. मी भिंग काढलं. भुंगेरा गोलसर होता, सोंडच नव्हती. मी मान हलवली.

"नीट पाह्य."

"तो नाही, दादा."

भुंगेरा चादरीच्या काठापर्यंत चालत गेला आणि उडाला. मला वाईट वाटलं नाही, कारण मला माहीतच होतं. पण दादाचा चेहरा उतरला. माझा नवरा चहा मिळतो का ते बघायला रखवालदाराकडे गेला आणि आम्ही दोघं बहीणभाऊ त्या सुयांवरच बसलो. दादाने एक कणीस हातात घेतलं होतं, बोटांनी चुरत होता, आणि बोटं पिवळी होत होती.

"तुयी वयनी अन् पोरगी घंटा घंटा बोलत," तो म्हणाला. "मी बाजूले बसून ऐको. किडे, झाडं, बर्फ, सारं. वयनीले सारं समजे. नाई समजलं तर इचारे. हसे. मी नुसता ऐको. मंग वयनी गेली अन् फोन माया हाती आला. मले तर जेवली काय, येवढंच येते."

"मग विचारायचं ना तिला, काय करतेस म्हणून."

"इचारलं अन् समजलं नाई तर? तिले वाटन, बापाले काई समजत नाई. आईले समजे, बापाले नाई."

 त्याच्या बाहीवरचे पराग मी झटकायला गेले, तर त्याने हात मागे घेतला. "राहू दे," म्हणाला.

मी कणसांचा एक घोस जवळून बघून घेतला, कागदावर चारदोन रेघा ओढल्या. बाजरीचं कणीस अगदी लहान करावं आणि एका देठाभोवती बरीचशी खोचावीत, तसं काहीसं. दुपार कलल्यावर आम्ही निघालो.

वर फोनला रेंज नव्हती. परतवाड्याला चहासाठी थांबलो तेव्हा दादाचा फोन वाजायला लागला, एकामागून एक भाचीचे मेसेज. तिकडे पहाट असणार. तिला फोन लावत दादा टपरीपासून थोडा दूर गेला, पण त्याला फोनवर मोठ्यानेच बोलायची सवय, म्हणून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"हौ, गेलो होतो. आत्यासंगं. चादर धरली, फांदी झोडली. नाई, नाई सापडला."

तिकडून ती हसत असावी. "मले मालूम होतं का तेथी नसते," दादा म्हणाला. "तरी पाह्यलं." मग जरा थांबून, "बरं, मले एक सांग. थो मातीतून वर येते, तर त्याले कसं मालूम पडते का फूल आलं म्हणून?"

मग तो ऐकत राहिला. चहाचा कप हातात तसाच होता. मधूनच "मंग?" म्हणायचा. मधूनच "थांब, थांब, हे समजलं नाई, पुन्हा सांग." आमचे दोघांचे कप रिकामे झाले. माझा नवरा खुणेने म्हणाला, निघायचं का. मी त्याला थांबवलं. रस्त्यावरून संत्र्यांनी भरलेल्या गाड्या जात होत्या, ऊन तांबूस झालं होतं, आणि दादा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून, मान खाली घालून, जमिनीवर बोटाने काहीतरी रेघा काढत बोलत होता. मला आठवत नाही, मी त्याला इतकं बोलताना आधी कधी पाहिलं होतं.

त्या आठवड्यात मी चित्र पूर्ण केलं. फुलासकट. भाचीने ते बघून एवढंच लिहिलं, "मिशा सरळ हायेत." मी शाळेत रुजू झाले. मुलं म्हणाली, टीचर, तुम्ही बारीक झाल्या.

उन्हाळ्यात दादा कॅनडाला गेला. पासपोर्ट काढायला लावायचं काम भाचीचं, पण बाकी तयारी त्याने स्वतः केली. दोन स्वेटर, चटणीचे डबे, ज्वारीचं पीठ. विमानात त्याला जेवण आवडलं नाही, हे त्याने पोचल्यावर पहिल्यांदा सांगितलं. मग काही दिवस फोनच नाही.

मेअखेरच्या एका संध्याकाळी आम्ही गच्चीवर होतो. दिवसभर तापलेल्या गच्चीवर माझा नवरा पाणी मारत होता, वाफ उठत होती, आणि त्या वाफेत खालच्या गल्लीचे आवाज अर्धे ओले होऊन वर येत होते. दादाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. तो जंगलात उभा होता, डोक्यावर कानटोपी, मागे सरळ उंच झाडं. हातात लहानशी काचेची कुपी.

"सापडला व!" तो म्हणाला. "मीनंच झोडली फांदी."

त्याने कुपी कॅमेऱ्यासमोर धरली. मला फक्त एक धूसर ठिपका दिसला, तोही हलत होता.

"लय लहान हाये. अन् अंगाले सारे पराग. नवरदेवाले हळद लागल्यावानी दिसते."

मागून भाचीचा आवाज आला, ती काहीतरी दुरुस्त करून सांगत होती, कुठल्या झाडाचे पराग, कुठली जात. दादा तिच्याकडे वळला.

"थांब न जरासी, मी सांगून राहिलो न आत्याले," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून पहिल्यापासून सांगायला लागला, माती किती थंड होती, पहाटे ते दोघं कसे निघाले, वाटेत एक हरीण कसं रस्त्यात उभं होतं. पाणी मारून झाल्यावर माझा नवराही शेजारी येऊन बसला. अंधार पडायला अजून अवकाश होता, आणि दादाला थांबवावं असं आम्हाला दोघांनाही वाटलं नाही.